लोकांनी दिलेलं पाणी

माझा नाइटीतला फोटो अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात, वाचनालयाच्या भिंतीवर, चांगला काही महिने लावलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो बघावा आणि शेजारच्या बरणीत पैसे टाकावेत, अशी सोय केलेली. मला याचा पत्ताच नव्हता. विटकी नाइटी, खांद्यावर टॉवेल, कमरेवर निळी प्लास्टिकची बिंदगी, म्हणजे घागर, आणि तोंड असं, की आत्ताच कुणाला तरी शिव्या घालून मोकळी झालेय. घातल्याच होत्या. टँकरवाल्यानं पाइप आमच्या आधी पलीकडच्या घरात सोडला होता, मग काय त्याला ओवाळायचं? नेमक्या त्याच वेळी अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या आमच्या नणंदबाई कॅमेरा घेऊन गच्चीवर उभ्या होत्या. मला वाटलं, हौसेनं काढतायत. मी नंतर वर बघून छान हसलेही होते, पण तो हसरा फोटो काही त्यांनी भिंतीवर लावला नाही.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. सासरे, म्हणजे मामंजी, तरुणपणी बंगळूरच्या एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि इथलेच झाले. सगळी नोकरी जयनगरात भाड्याच्या घरात गेली. तिथं दिवसाआड का होईना, नळाला कावेरीचं पाणी यायचं. निवृत्त झाल्यावर स्वतःचं घर हवं म्हणून त्यांनी महादेवपुऱ्याच्या पुढे, व्हाइटफील्डच्या रस्त्याला एक साइट घेतली आणि त्यावर बैठं घर बांधलं. आज तिकडे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा निलगिरीची झाडं होती आणि लाल माती. साइट विकणारा म्हणाला होता, स्वल्प थांबा अण्णा, पाइपलाइन येतेच आहे. आम्ही आपले थांबलो. सासूबाई तर थांबता थांबता गेल्या.

घरामागं एक उथळ बोअर होती. वस्ती वाढली, ज्यानं त्यानं मागं संडासाचा खड्डा खणला आणि बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. मग धुण्याभांड्याला बोअर आणि प्यायला टँकर. टँकर कुठून भरून यायचा ते देवाला ठाऊक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मामंजींना कावीळ झाली. साधीसुधी नव्हे, माणूस पार अंथरुणाला खिळला. नणंदबाई सुट्टीला आल्या होत्या त्या तेव्हाच. त्यातून उठले, पण डॉक्टरांनी बजावलं की या वयात पुन्हा झाली तर आशा धरू नका, आधी पाणी बदला. सांगायला काय जातंय! मी उकळत होते, गाळत होते, तुरटी फिरवत होते. खरा उपाय एकच, खोल बोअर मारायची. आमचे हे ज्या छोट्या कारखान्यात होते तिथं काम आटलं होतं. पगार निम्मा, तोही मालकाच्या मर्जीनं. माझ्या शिकवण्यांवर भाजी निघायची.

शेवटी यांनी बहिणीला फोन लावायचा ठरवलं. घरी फोन नव्हता, मुख्य रस्त्यावर बूथ होता. काचेच्या खोक्यात आम्ही दोघं दाटीवाटीनं उभे. वन्सं लगेच म्हणाल्या, मी पैसे पाठवते, त्यात काय विचारायचं? मला रिसीव्हरमधून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. हे म्हणाले, "ताई, तुझे पैसे अप्पा घेणार नाहीत गं. तुझ्याकडचं ते पाणीसुद्धा..." आणि तिथंच अडखळले. मीटरचे लाल आकडे पळत होते. मग त्या म्हणाल्या, बरं, मी बघते काहीतरी.

हे असं का, ते सांगायला हवं. मुलीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी आमच्यात जुनी रीत होती. बहुतेकांनी ती कधीच गुंडाळून ठेवलेली, पण मामंजी पाळायचे. वन्सं लग्नानंतर पुण्यात होत्या तेव्हा ते एकदा त्यांच्याकडे गेले होते. जाताना इथून फिरकीच्या तांब्यात पाणी नेलं. ते संपल्यावर तांब्या घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. शेजाऱ्यांचं चालतं, लेकीचं चालत नाही. वन्सं ते सगळं दारातून बघत होत्या. त्यांना पुढे मूल झालंच नाही. इथले डॉक्टर झाले, तिथले झाले, उपास झाले. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, अगदी प्रेमानं काढायचं नाही. म्हणजे मामंजींची ती रीत आता कधीच संपणार नव्हती, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काही महिन्यांनी पैसे आले. यांच्या खात्यावर, चांगले घसघशीत. आम्ही बूथवरून फोन केला तेव्हा वन्संनी सांगितलं की इथल्या लोकांनी मिळून दिलेत, त्यात माझा एक पैसा नाही, अप्पांना खुशाल घेऊ देत. कोण लोक, का दिले, हे विचारायचं आमच्या जिभेवर आलं नाही असं नाही. पण गरजवंताला जीभ जरा कमीच असते. यांनी मामंजींना सांगून टाकलं की कारखान्यानं आगाऊ रक्कम दिली. मामंजींनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चांगला मालक मिळाला तुला. यांची मान वर झाली नाही. मी चहा करायच्या निमित्तानं आत सटकले.

बोअर मारणारी गाडी आली, गल्लीभर पांढरा चिखल झाला आणि पाणी लागलं. काय पाणी! गार, नितळ, पहिल्यांदा भांड्यात घेतलं तेव्हा भांड्याचा तळ दिसला म्हणून मला रडू आलं. मामंजींचा तर थाटच बदलला. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून आत बोलवायचे, बन्नी बन्नी, या या, म्हणायचे आणि पेला पुढे करायचे. माझ्या मुलानं बोअर मारली, हे वाक्य ठरलेलं. पलीकडच्या अक्कांना, पोस्टमनला, सगळ्यांना सांगून झालं. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, पोट बिघडेनासं झालं, संध्याकाळी फिरायला जायला लागले. हे मात्र प्रत्येक वेळी 'माझ्या मुलानं' ऐकलं की वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. मी म्हणायचे, अहो, आता खरं सांगून टाका. उद्या सांगतो, म्हणायचे.

तो उद्या यायच्या आत ती बाई आली.

वन्संच्या गावची, गोरीपान, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचं व्हाइटफील्डला नव्या कंपनीत काही काम निघालं होतं, तर ती आमचं घर शोधत रिक्षानं आली. न कळवता. वन्संनाही तिनं सांगितलं नव्हतं, परत गेल्यावर फोटो दाखवून चकित करायचं होतं म्हणे. दारात आली आणि मला बघून तिचे डोळे भरले. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली की तुला मी कुठेही ओळखलं असतं. मला काही कळेना. मग तिनं पिशवीतून एक छायाचित्र काढलं. एका मोठ्या फळ्याचं छायाचित्र. फळ्यावर मी नाइटीत, बिंदगी घेऊन. माझ्याखाली मामंजी, बनियनवर, आजारपणातले, छातीची हाडं मोजून घ्यावीत असे. आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत, 'या गरीब कुटुंबाला स्वच्छ पाणी द्या.'

मामंजी आरामखुर्चीत बसले होते. त्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला इंग्रजी येत नसेल. ती सगळं माझ्याशीच बोलत होती, हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसं. गावातल्या किती जणांनी हातभार लावला, चर्चमध्ये केक विकले, तिनं स्वतः एक गोधडी शिवून विकली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य इंग्रजी आराखड्यांवर वाकून गेलं, त्याच्यासमोर हे चाललं होतं. मी तिला थांबवायला हवं होतं, पण कशी थांबवणार? तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिनं खरंच आमच्यासाठी बोटं टोचून घेतली होती. तिचा राग यावा म्हणून मी मनातल्या मनात खूप धडपडले, आणि राग येईना. त्यामुळे तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिला नळ बघायचा होता. नळ बघितला. मग तिला एक फोटो हवा होता, आजोबा पाणी पिताना. गावाला दाखवायला. मी हे मामंजींना कसं सांगू म्हणून चाचरत होते, तर ते आपणहून उठले. आत गेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, वरचं बटण लावलं. तिनं पेला थोडा वर धरायला सांगितला. त्यांनी धरला. आणखी थोडं हसायला सांगितलं. हसले. पाणी प्यायले, सगळं, कारण ती पाहुणी होती. आणि मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या गावातल्या सगळ्यांना माझे आभार सांगा." बाई लाल झाली, कौतुकानं म्हणाली, किती छान बोलता तुम्ही! ते म्हणाले, धन्यवाद. तिला फाटकापर्यंत पोचवायलाही तेच गेले.

परत आले ते सरळ मागच्या दारी. मी खिडकीतून बघितलं, ते पुन्हा पुन्हा चूळ भरत होते. चूळ भरायलाही तेच पाणी, दुसरं होतं कुठं?

संध्याकाळी हे आल्यावर जे व्हायचं ते झालं. मामंजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की मी गल्लीतल्या कुणाकुणाला 'माझ्या मुलानं' म्हणून सांगितलं ते तुला आठवतंय ना, आता त्यांना काय सांगू? हे रडले. सगळा ताईचा उद्योग म्हणाले. तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खात्यावर पैसे घेताना ताई आठवली नाही का? मामंजींसमोर मी नवऱ्याला असं कधी बोलले नव्हते. कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींनी घरचं पाणी सोडलं. देवळाजवळ एक जुना हातपंप होता, तिथं बिंदगी घेऊन जायचे. ज्या माणसानं गल्लीला बोलवून बोलवून पाणी पाजलं, तो आता भर उन्हात रांगेत. बायका त्यांना पुढे सोडायच्या, विचारायच्या, एन आयतु अण्णा, काय झालं, मोटर बिघडली का? ते हो म्हणायचे. पंपाचं पाणी जमिनीच्या त्याच वरच्या थरातलं, त्याच खड्ड्यांशेजारचं. मी ते उकळून ठेवायचे, पण तहान लागली की ते पंपावरच ओंजळ लावायचे, हे मला अक्कांनी सांगितलं. हे म्हणाले, आपण गुपचूप बिंदगीत बोअरचं भरून ठेवू. मी म्हटलं, खबरदार, एकदा फसवलंत तेवढं पुरे. पण रात्री झोप लागायची नाही. डॉक्टरांचे शब्द मला आठवायचे, आणि समोर म्हातारा माणूस हट्टानं काविळीच्या तोंडात चाललेला. भांडावं तरी कुणाशी? दोनदा वाटलं, पायाच पडावं. पडलेही. ते म्हणाले, सूनबाई, तुझा काही दोष नाही, आणि बिंदगी उचलून चालायला लागले.

त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पिवळी झाक दिसली तेव्हा मी कुणाला न विचारता बूथ गाठला आणि वन्संना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. नाइटीबद्दलही सांगितलं, राहवेचना. वन्संना आधी कळेचना. त्या म्हणत होत्या, इथं कुणाचं घर जळलं, कुणाचं ऑपरेशन असलं की लोक असंच करतात गं, कुणाला त्यात लाज वाटत नाही. मग म्हणाल्या, "शेजाऱ्यांचं चाललं होतं ना त्यांना? म्हणून मी शेजाऱ्यांकडे मागितलं." आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते, पण पुण्यातल्या त्या दारात त्या काय बघत उभ्या होत्या याचा विचार मी कधी केला नव्हता. बूथवाला काचेवर टकटक करत होता.

आठवडाभरात वन्सं आल्या. टॅक्सीतून उतरल्या, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. बॅग ओसरीतच टाकली. मामंजी नुकतेच पंपावरून आले होते आणि पायरीवर बसून धापा टाकत होते. मुलीनं वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. वन्सं आत गेल्या, नळावर पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान हलवली.

वन्सं खालीच बसल्या, त्यांच्या पायाशी. हळूच बोलल्या, पण आम्ही सगळेच ऐकत होतो. "मला मूल झालं नाही, अप्पा. आता होणारही नाही. मग मी तुम्हाला कधीच काही द्यायचं नाही का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, आता मामंजी उठून जातील.

"तुझं असतं तर मी प्यायलो असतो," ते म्हणाले. "तुझी आई जाताना म्हणाली होती, आता पुरे करा ते, लेकीकडे जा, तिच्या हातचं जेवा. तेव्हाच सोडलं मी. तू बोलावशील म्हणून वाट बघत होतो. तू लोकांचं पाठवलंस."

हे दाराला टेकून उभे होते, ते हळूच खाली बसले. बूथमध्ये 'अप्पा घेणार नाहीत' असं ठासून सांगणारे हेच, आणि शेजारी उभी राहून मनात हो म्हणणारी मी. सासूबाई गेल्यापासून आम्ही त्या माणसाबरोबर रोज एका पंगतीला जेवत होतो आणि एकानंही त्यांना विचारलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" वन्संनी शेवटी विचारलं.

"कोणत्या तोंडानं सांगू?" मामंजी म्हणाले. "पुण्याला तुझ्या दारातून मीच तांब्या घेऊन गेलो होतो."

वन्संनी पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले. खांद्यावरच्या पिशवीतून विमानतळावरची पाण्याची प्लास्टिकची बाटली डोकावत होती, निम्मी संपलेली. मामंजींचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्यांनी हात पुढे केला. वन्सं घाईघाईनं म्हणाल्या, अप्पा, ते उष्टं आहे माझं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, बाटली घेतली, झाकण काढलं आणि तोंड लावून सगळी संपवली. हनुवटीवरून पाणी शर्टावर सांडलं. बाप लेकीचं उष्टं पितोय, हे आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. कुणीकडे बघावं तेच मला कळेना.

रिकामी बाटली त्यांनी पायरीवर ठेवली आणि मला हाक मारली.

"सूनबाई, नळाचं आण. घेईन मी," ते म्हणाले. "पण ती बाई परत आली तर मला फोटोला उभं करू नका. तेवढं करा."